दुसऱ्याच्या शब्दासाठी उचललेला भंडारा

बहिरू झनकरला गप्प बसायची सवयच नव्हती. अंबडच्या एमआयडीसीत पाइप धरून ठेवणारे पोलादी क्लॅम्प बनवणारा एक कारखाना आहे, तिथं तो प्रेस सेटर होता. मशीनमध्ये साचा बसवायचा, पहिला माल ठीक निघतोय का बघायचं आणि मग मशीन दुसऱ्याच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. कामात चोख माणूस, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण गड्याचा खरा रुबाब दिसायचा तो जेवणाच्या सुट्टीत. गेटसमोरच्या टपरीवर पेपर उघडायचा, मोठ्यानं वाचायचा आणि वाचता वाचता प्रत्येक बातमीवर निकाल देऊन टाकायचा. लोक त्याला वकील म्हणायचे. थट्टेनंच म्हणायचे, पण घरात काही लचांड निघालं की सल्ल्याला त्याच्याकडेच यायचे, आणि त्याला ते इतकं गोड लागायचं की विचारू नका.

अशा माणसाच्या हातात गेल्या वर्षी टॅरिफ नावाचं प्रकरण आलं. मग काय, वकिलाला जन्माचा खटला मिळाला! अमेरिकेनं बाहेरच्या मालावर कर लावला, तो वाढवला, पोलादावर आधीच होता तो दुप्पट केला, मग भारतावर आणखी वेगळा. कारखान्याचा बहुतेक माल अमेरिकेलाच जायचा. बहिरूनं टपरीवर सगळ्यांना बसवून समजावलं, की हा कर आपण भरत नाही, तिथला माल घेणारा भरतो. "मग तो येडा हाय का गपचूप भरायला? तो शेठला म्हणणार भाव पाड, न्हाईतर व्हिएतनामकडून घेतो," असं तोच म्हणायचा आणि तोच मान हलवायचा. पुढं तिथल्या व्यापाऱ्यांनी कोर्टात दावा लावला, की कर लावायचा अधिकार तिथल्या संसदेचा, राष्ट्राध्यक्षाचा नव्हे. बहिरूच्या अंगात वारंच शिरलं. आपल्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी न चढलेला माणूस, पण तिथल्या न्यायाधीशांबद्दल असा बोलायचा की जणू सकाळीच त्यांच्याबरोबर चहा घेऊन आलाय.

"हा टॅरिफ बेकायदा हाय. लिहून घ्या. कोर्टात टिकायचा नाय," तो म्हणायचा.

लोक ऐकायचे. का नाही ऐकणार? काम जाईल ही धास्ती होती सगळ्यांना, आणि धीर देणारा हा एकच.

सप्टेंबरात मशीनं एकेक करून थंड पडली. शेवटी मालकानं, महेशशेठनं, सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. शेठ मोठा गोडबोल्या. कुणावर कधी आवाज चढवणार नाही, प्रत्येकाच्या पोरांची नावं पाठ. तो म्हणाला, कारखाना आता चालवणं परवडत नाही. सगळ्यांनी स्वखुशीचा राजीनामा द्यावा, हिशेब चोख करून देतो. अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल लागला, टॅरिफ उठला, की सगळ्यांना आहे त्या जागेवर, आहे त्या पगारावर परत घेतो. माझा शब्द आहे.

मागून चतुराबाई बोलली. चतुराबाई पॅकिंगला होती. नवरा लवकर गेला, दोन पोरी तिनं ह्या पॅकिंगच्या टेबलावर उभं राहून वाढवलेल्या. मोजकं बोलायची, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागायचं.

"काढायचं तर शेठनी काढावं ना," ती म्हणाली. "आम्ही कशाला लिहून द्यायचं की आम्ही आपल्या मर्जीनं सोडतो?"

शेठ हसला. उद्या बोलू म्हणाला. आणि संध्याकाळी त्यानं बहिरूला केबिनमध्ये बोलावलं, समोर खुर्ची दिली, चहा मागवला.

"बहिरूभाऊ, तुम्ही जाणते आहात. हे लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. कामगार कपात दाखवली तर बँक उद्या दारात येऊन बसेल, कारखाना कायमचा जाईल. निकालाचं तर तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. बहिरू चढला. शेठच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून चहा पिणारा तो पहिलाच कामगार होता, आणि खाली उतरताना त्याला शेडमधली माणसं जरा लहानच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बंद मशीनंसुद्धा धुऊन पुसून ठेवली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ह्या कारखान्यात पूजेच्या ताटात दरवर्षी बेल आणि भंडारा असायचा, कारण निम्मे लोक खंडोबाचे. पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि शेठनं टेबलावर राजीनाम्याचे कागद ठेवले.

झुंबर म्हणाला, "शेठ, तुमच्या शब्दाबद्दल शंका नाय. पण एकदा बेलभंडारा उचला. म्हणजे आमचं मन निवंल."

झुंबर प्रेसवर बहिरूच्या हाताखाली होता. बाजूच्यांनी माना हलवल्या. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणारा माणूस त्यांनी तरी पाहिलेला नव्हता. कागदावर, वकिलावर, कामगार कार्यालयावर त्यांचा जेवढा भरवसा नव्हता, तेवढा त्या चिमूटभर हळदीवर होता.

शेठनं ताटाकडं बघितलं. मग हात जोडले. "अहो, मी तुमच्या देवाचा कोण? बहिरूभाऊ तुमचे वडीलधारे. खंडोबाचे भक्त. त्यांनी उचलला म्हणजे मी उचलल्यासारखाच आहे."

आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, शब्द तुझा, तूच उचल. पण सगळ्यांचे डोळे बहिरूवर, आणि बहिरूला तर ते डोळेच हवे असायचे. तो पुढं झाला. ताटातली बेलाची पानं आणि मूठभर भंडारा त्यानं उचलला आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलला, "निकाल लागला की शेठ सगळ्यांना परत घेणार. न्हाई घेतलं तर पाप माझ्यावर. आणि सगळे परत आपापल्या जागी उभे राहत नाहीत तवर मी दुसऱ्या कुठल्या प्रेसला हात लावणार नाय. येळकोट येळकोट जय मल्हार!"

दुसरं वाक्य त्याला कुणी मागितलंही नव्हतं. ते ऐटीत आलं. सगळ्यांनी येळकोट केला, आणि कागदांवर सह्या झाल्या. चतुराबाईनं सगळ्यात शेवटी केली. सही करण्याआधी तिनं बहिरूकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

काम नसताना अंबडच्या खोलीचं भाडं अंगावर घेण्यात अर्थ नव्हता. बहिरू आणि त्याची बायको मैना घोटीजवळच्या गावाला गेली. तिथं भावाचं भाताचं वावर होतं, कापणीला माणसं हवीच होती. दिवसा तो भात कापायचा, आणि संध्याकाळी घोटीच्या एका सलूनमध्ये जाऊन बसायचा. तिथं बाकावर चार रिकामटेकडे असायचेच, त्यांना त्यानं टॅरिफ शिकवला. अमेरिकेच्या कोर्टात नोव्हेंबरात दोन्हीकडच्या वकिलांची बाजू मांडून झाली, तेव्हा तर सलूनमध्ये दाढ्या अर्ध्या राहिल्या. एक म्हणायचा, त्यांचा देश, त्यांचं दार, ते कुणालाही आत येताना पैसे मागतील, आपण कोण बोलणारे? दुसरा म्हणायचा, आपणही तर बाहेरच्या मालावर कर लावतोच की, तेव्हा कसं गोड वाटतं? बहिरू दोघांनाही गप्प करायचा. प्रश्न कराचा नाहीच, अधिकाराचा आहे, असं तो बोट उगारून सांगायचा.

एकदा तिथं दाढी करायला आलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पण पोलादाचं प्रकरण वेगळं आहे म्हणतात. त्याला दुसरा कायदा लागतो. ह्या खटल्यात ते नाहीच."

"मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा," बहिरू म्हणाला. "टॅरिफ म्हंजी टॅरिफ. बेकायदा ठरला की सगळाच ठरला."

बाक हसला. मास्तर तोंड पुसून निघून गेले. बहिरूला त्या रात्री छान झोप लागली, आणि हे असं छान झोप लागणंच त्याला नडलं.

डिसेंबरात गोंद्याच्या एका कंपनीतून फोन आला. प्रेस सेटर पाहिजे, उद्यापासून या, पगार अंबडपेक्षा चांगला. गोंदे म्हणजे घरून रोज एसटीनं जाऊन येण्यासारखं. मैनाला वाटलं, देव पावला. बहिरूनं सरळ नाही सांगितलं.

"मी भंडारा उचललाय," तो म्हणाला.

"तुम्ही उचललाय?" मैना चुलीपुढून उठलीच. "कारखाना तुमचा हाय? माल तुमचा हाय? ज्याचा शब्द त्यानं हात जोडले नि तुम्ही गेले पुढं नाचत! आता मी जावेच्या हाताखाली भांडी घासते, ती कुणाच्या शपथेपायी?"

बहिरू चिडला. "देवाचं हाय ते मैना, तोंड आवर."

"देवानं सांगितलं होतं का पुढं हो म्हणून?"

तो उठून बाहेर गेला. भाताचं काम संपलं होतं, मग त्यानं घोटीच्या बाजारात तांदळाच्या गोण्या उचलायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेली, पाठ बोलायला लागली. गोण्या उचलताना त्याला एकच समाधान असायचं, की आपण शब्दाला जागतोय. कारखान्यातल्या लोकांचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यावर तो रोज कोर्टाची बातमी टाकायचा. आज तारीख नाही, उद्या शक्यता आहे, धीर धरा. सुरुवातीला लोक उत्तरं द्यायचे. मग नुसते जोडलेले हात यायला लागले. मग तेही कमी झाले. बहिरूला वाटलं, बिचारे खचलेत. तो आणखी लांब बातम्या टाकायला लागला.

फेब्रुवारीत निकाल लागला. सकाळी उठून त्यानं फोन उघडला आणि अंगणात तसाच उभा राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टॅरिफ बेकायदा ठरवला होता. राष्ट्राध्यक्षाला त्या कायद्याखाली असा कर लावता येत नाही. अगदी तो म्हणत होता तसंच! हा माणूस चक्क रडला. मैनाला हाक मारून त्यानं बातमी तीनदा वाचून दाखवली, आणि मैनासुद्धा, मनात कितीही राग असला तरी, डोळे पुसत म्हणाली, "खंडोबा, सांभाळलंस बाबा."

त्यानं एकेकाला फोन लावला. आज अंबडला गेटवर जमा, सगळे मिळून शेठकडं जाऊ. झुंबर म्हणाला, लय आनंद झाला भाऊ, पण आज जमत नाय. दुसऱ्याच्या घरात पाहुणे होते. तिसऱ्यानं उचललाच नाही. चतुराबाई नुसती "बरं झालं" म्हणाली आणि म्हणाली, कामात हाय, नंतर बोलू. बहिरूला जरा खटकलं. पण आनंदात माणसाला खटकलेलं कुठं लक्षात राहतं? घोटीत त्यानं पेढे घेतले आणि एसटीनं निघाला.

गेटवर तो एकटाच होता. आत मशीनचा आवाज येत होता, म्हणजे प्रेस चालू होते. नव्या वॉचमननं त्याला नाव विचारलं. इतकी वर्षं ह्या गेटातून आत गेलेल्या माणसाला नाव विचारलं! शेठनं मात्र लगेच वर बोलावलं, तसाच हसला, पेढाही घेतला.

"बातमी वाचली मी बहिरूभाऊ. तुम्ही बरोबर होतात. पण आपल्या क्लॅम्पला त्याचा काही उपयोग नाही. आपला माल पोलादाचा. पोलादावरचा टॅरिफ वेगळ्या कायद्याखाली आहे, कोर्टानं त्याला हातच लावलेला नाही. तो आहे तसाच आहे. वर निकाल लागल्या लागल्या तिथल्या सरकारनं दुसऱ्या एका कायद्यानं नवा टॅरिफ काढला, तो पण वाचा."

बहिरूच्या कानात मास्तरांचं बोलणं घुमलं. "पण... तुम्ही शब्द दिला होता, शेठ. निकाल लागला की परत घेतो."

"टॅरिफ उठला की, म्हणालो होतो. उठला का?" शेठचा आवाज अजूनही मऊच होता. "आणि खरं सांगू? शपथ काही मी घेतली नव्हती."

भांडायला लागावं तर भांडायचं कशावर? वकिलाचा मुद्दाच खाली पडला होता. त्यानं एवढंच विचारलं, "मग हे प्रेस कसे चालू हायेत?"

"इथल्याच बाजाराचं थोडं काम आहे. ठेकेदाराची माणसं घेतलीत." शेठनं घड्याळ बघितलं. "तुम्ही पण या की. ठेकेदाराशी बोलतो मी. सेटर लागतोच आहे."

बहिरू जिना उतरला. काय उत्तर दिलं, दिलं की नाही, ते त्याला नंतर आठवेना. पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात तसाच होता. आपण ज्यांच्याकडून सह्या करून घेतल्या त्यांना आता काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. पाप माझ्यावर, असं आपण सगळ्यांपुढं बोललो. निदान चतुराबाईला तरी आपण स्वतः जाऊन सांगायचं, तिच्या शिव्या खायच्या, असं त्यानं ठरवलं आणि ती राहायची त्या चुंचाळ्याची वाट धरली.

तिच्या खोलीला कुलूप होतं. तो पायरीवर बसून राहिला. उन्हं कलली, शेजारची बाई पाणी देऊन गेली. शिफ्ट सुटायच्या वेळेला चतुराबाई गल्लीत आली आणि त्याला बघून जागीच थांबली. तिच्या अंगात निळा अॅप्रन होता. गळ्यात कार्ड होतं, त्याच्यावर कुणा ठेकेदाराचं नाव. आणि हाताला तेलाचा तोच वास, जो बहिरूच्या स्वतःच्या हाताला सगळा जन्म येत होता.

"चतुराबाई," तो उठत म्हणाला, "कुठं काम धरलंय?"

तिनं आधी कुलूप काढलं, पिशवी आत ठेवली, आणि दारातच उभी राहिली.

"तिथंच, भाऊ. आपल्याच कारखान्यात. त्याच टेबलावर."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर बोलावलं. ठेकेदाराकडून. पगार निम्मा, फंड नाय, सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी. झुंबरभाऊ पण हाये, बहुतेक सगळेच हायेत." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "शेठला जर्मनीची ऑर्डर लागली, माल तिकडंच जातो. कोर्टाबिर्टाशी त्याचा काय संबंध नव्हता."

बहिरू परत पायरीवर बसला. "मला कुणी सांगितलं नाय?"

"कसं सांगायचं? तुम्ही तिकडं देवाचं धरून बसलेले. गोंद्याची चालून आलेली नोकरी सोडली म्हणून कळलं. रोज त्या कोर्टाचं लिहून पाठवत होता. सगळे म्हणायचे, सांगा, सांगा. कुणाची जीभ रेटली नाय."

"सगळे परत आपापल्या जागी उभे राहतील असं म्हणालो होतो मी," बहिरू म्हणाला, आणि त्याला हसू आलं की रडू ते त्याचं त्यालाच कळेना. "उभे तर हायेत."

"उभे हायेत," चतुराबाई म्हणाली. "पण आता कुठल्या कामगार कार्यालयात गेलो तर शेठ आमचाच कागद दाखवतो. स्वखुशीनं सोडलंय म्हणून. तुमच्या भंडाऱ्याचा कागद तर कुणाकडं नाय ना."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं दिल्या नाहीत. ती आत गेली, पाण्याचा तांब्या भरून त्याच्यासमोर ठेवला.

"चतुराबाई, माझं चुकलं. मला वाटलं निकाल लागला की..."

"शेठ कधी निकालाची वाट बघत बसलाच नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "त्याला फक्त आमच्या सह्या पाहिजे होत्या, त्या तुम्ही आणून दिल्या. निकालाची वाट बघत होता ते एकटे तुम्ही. पाणी प्या, आणि शेवटची एसटी जायच्या आत निघा. मला सकाळी लवकर आत जायचंय."